समोरून आलेली गाडी

१

ज्या गाडीने ह्यांना उडवलं ती सकाळी सात वाजता आली आणि दोन मिनिटांत नाहीशी झाली. रस्ताभर आरशाचे तुकडे पसरले होते आणि त्या तुकड्यांत हे पडले होते.

आमचं काचेचं दुकान आहे. हे कापतात, मी फ्रेमा बांधते. त्या दिवशी एका सलूनमध्ये पुरुषभर उंचीचा आरसा पोचवायचा होता. सलूनच्या गल्लीत टेंपो वळत नाही, म्हणून हे कोपऱ्यावर उतरले आणि आरसा कुशीला उभा धरून एकटेच रस्ता ओलांडायला निघाले. ‘दुसरा माणूस घ्या’ असं मी आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. पण बायकोचं ऐकलं तर काच तडकते, असा ह्यांचा समज. गाडी नेमकी आरशाच्या बाजूने आली. आडून ह्यांना काही दिसलं नाही. कंबरेचं हाड मोडलं, ते जुळेल. पण उजव्या पंजात काच घुसली आणि बोटं मिटवणाऱ्या दोऱ्याच तुटल्या, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभरात मोठं ऑपरेशन झालं नाही तर बोटं कायमची उघडी राहतील. काच कापणाऱ्या माणसाची बोटं मिटली नाहीत तर तो काय करणार?

ऑपरेशनचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. गाडी सापडली नाही तर सरकारकडून मिळते ती मदत म्हणजे दात कोरून पोट भरण्यासारखं. गाडी सापडली तर तिची विमा कंपनी भरपाई देते, आणि ऑपरेशनपुरती रक्कम निकालाआधीही देते. म्हणून मी वकीलबाईंकडे दावा दिला. पोलिसांनी पंधरा दिवसांत काय केलं, तर कागदाला कागद जोडला.

सोळाव्या दिवशी दुपारी चार वाजता मी ह्यांच्या औषधांचा डबा उघडला. गोळ्यांच्या पाकिटावर एक चिठ्ठी होती. अक्षर वेडंवाकडं, लहान मुलाने काढल्यासारखं.

‘गाडी शोधू नका. सापडली तर तुमचंच वाटोळं होईल.’

धमकी दारातून सरकवलेली नव्हती. ती स्वयंपाकघरात, फळीवर, झाकण लावलेल्या डब्यात होती. म्हणजे ते माणूस माझ्या घरात आलं होतं, आणि डबा कुठे असतो हे त्याला माहीत होतं.

२

वकीलबाईंनी त्यांचा माणूस पाठवला. दारात साठीपुढचा, काठीसारखा सरळ गृहस्थ उभा होता. मी त्याला लगेच ओळखलं. तो ह्यांना तीन वेळा नापास करणारा माणूस होता.

गाडी चालवण्याचा परवाना देताना परीक्षा घेतात, तिथे ते तीस वर्षं परीक्षक होते. अर्ध्या गावाला त्यांनी परत पाठवलं होतं, म्हणून गाव त्यांना नापासमामा म्हणायचं. निवृत्तीनंतर ते वकीलबाईंसाठी अपघातांचा माग काढत.

“तुमच्या यजमानांना गाडी मागे घेता यायची नाही,” आत येत ते म्हणाले. “बाकी माणूस चांगला.”

“त्या खोलीत आहेत. ऐकू येतं त्यांना,” मी म्हटलं.

“येऊ दे. खरं तेच बोललो.”

त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “आज दुपारी घरात कोण कोण आलं?”

दोघं आले होते. औषधवाले गोळ्या घेऊन आले होते. त्यांचं दुकान अपघात झाला त्याच कोपऱ्यावर आहे. आणि मास्तर. मास्तर म्हणजे गाडी शिकवणाऱ्या शाळेचा मालक. त्याचं आवार त्या कोपऱ्यापासून चाळीस पावलांवर. अपघातानंतर पहिला धावत आला तो तोच. ह्यांचा हात रुमालाने आवळून बांधला, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. तेव्हापासून एक दिवसाआड फळं घेऊन यायचा. मी त्याला देवमाणूस म्हणत होते.

मामांनी तीन बोटं मोजली.

“दोनच,” मी म्हटलं.

“चहा करणारी कोण आहे आत?”

“ती माझी धाकटी बहीण. घरचीच आहे.”

धाकटी माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिची वेणी मी घातली, तिचे दुधाचे दात मी मोजले. आता पार्सलच्या कचेरीत काम करते, सकाळी साडेसहालाच बाहेर पडते. ह्यांच्या अपघातानंतर तिचं तोंड चिमणीएवढं झालं होतं. ती चहा घेऊन आली आणि चिठ्ठी बघून मटकन खाली बसली.

“ताई, नको आपल्याला तो दावा,” ती म्हणाली. “असल्या माणसांच्या नादी कशाला लागायचं? स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करून बसणारी बाई ती, तिला काय काळीज असणार?”

“रडू नकोस,” मी तिला जवळ घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. हल्ली रोज वाजायचा. मी उचलला की पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा, आणि धाकटीने उचलला की ती ‘राँग नंबर’ म्हणून ठेवायची. मी उचलला. पलीकडे श्वास.

मामांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, ऐकला आणि ठेवला.

“आतून कडी लावत जा,” जाताना दारात ते हळूच म्हणाले. “गाडी चालवणारं माणूस तुमच्या घरात येऊन-जाऊन आहे.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला सोबत घेतलं. “लोक मला बघून खोटं बोलतात. तुम्हाला बघून जरा लाजतील,” हे त्यांचं कारण. मी जीव मुठीत धरून निघाले. उडवणारी गाडी पांढरी होती एवढं पोलिसांकडून कळलं होतं, आणि रस्त्यावरची प्रत्येक पांढरी गाडी मला आमच्याच घराकडे निघालेली वाटत होती.

औषधवाले गल्ल्यामागे बसले होते. त्यांच्याविषयी मला धाकधूक होतीच. ह्यांच्याशी त्यांचं जुनं भांडण होतं; शोकेसची काच दोन बोटं आखूड कापली म्हणून दोन वर्षं बोलणं बंद होतं. आणि आता रोज स्वतः गोळ्या आणून देत होते.

“मी काय पाहणार?” ते म्हणाले. “शटर उघडत होतो. गुडघ्यापर्यंत वर गेलं आणि नेहमीसारखं अडकलं. मी वाकलेलो. मोठा आवाज झाला. खालून बघतो तर गाडीची दोन चाकं. थांबलेली.”

“थांबलेली?” मामांनी विचारलं. “धडक देऊन गाडी थांबली?”

“चांगली करकचून. रबराचा वास आला. मिनिटभर तशीच उभी. मग बाजूला वळली आणि गेली. आवाराच्या दिशेने की पुढे, ते शटरमुळे दिसलं नाही.”

“नंबर?”

“चाकांवर नंबर लिहितात का?” औषधवाले चिडले. मग माझ्याकडे बघून नरमले. “एक सांगू? पोलिसांना सांगितलं होतं, त्यांनी लिहून घेतलं नाही. जायच्या आधी त्या गाडीने इंडिकेटर दिला.”

“कशावरून?” मामांनी विचारलं.

“पिवळा दिवा लुकलुकत होता, चाकाच्या वर. चार-पाच वेळा लुकलुकला, मग गाडी निघाली. मला वाटलं, मेल्याने सवयीने दिला असेल.”

बाहेर आल्यावर मामा फुटपाथवरच थांबले.

“तीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगून थकलो. निघताना इंडिकेटर द्या. परवाना खिशात पडला की आठव्या दिवशी सगळे विसरतात. माणसाला उडवून पळणारा तर जन्मात देणार नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, घाबरून डोकं बंद झालं तरी हात इंडिकेटरवर जातो, असं फक्त एकाच जातीचं माणूस असतं. ज्याची परीक्षा अजून व्हायची आहे.”

त्यांची नजर चाळीस पावलांवरच्या फाटकाकडे गेली. फाटकात मास्तर उभा होता, आणि आमच्याकडेच बघत होता.

४

“या ताई,” मास्तर म्हणाला. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली. मामांना बघून त्याचं हसू जरा आखडलं. मामांनी त्याचे किती विद्यार्थी परत पाठवले असतील त्याची गणतीच नाही.

आवारात दोन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. टपावर पाटी, पुढे शिकाऊ गाडीची लाल खूण.

“तीन होत्या ना?” मामा म्हणाले.

“एक रंगाला दिली आहे.”

“कधी?”

“झाले काही दिवस.” मास्तर माझ्याकडे वळला. “मी जबाबात सगळं दिलंय ताई. मी इथे फाटकात उभा होतो. पांढरी गाडी समोरून आली, अवाच्या सव्वा वेगाने. चुकीच्या बाजूने, अगदी नाकासमोर. आणि त्या गाडीचं स्टिअरिंग उलट्या बाजूला होतं. परदेशी गाडी असणार. मी पोलिसांना म्हटलं, अशी गाडी गावात एखादीच असेल, शोधा.”

पोलीस पंधरा दिवस तीच शोधत होते.

मामा फाटकात जाऊन उभे राहिले. रस्त्याच्या एका टोकाकडे बघितलं, मग दुसऱ्या. परत येऊन त्यांनी शिकवण्याच्या गाडीचं दार उघडलं आणि आत वाकून पाहिलं. मास्तर बसतो त्या बाजूलाही पायाखाली ब्रेक होता. शिकणारा गडबडला तर मास्तरने दाबायचा.

“अपघाताच्या दिवशी सातला शिकवणी कुणाची होती?”

“कुणाचीच नाही. वही बघा.” त्याने वही पुढे केली. त्या तासाची ओळ कोरी होती.

निघताना मास्तर माझ्यासोबत फाटकापर्यंत आला. “ताई, एक सांगू? ज्याने केलं तो मोठा कुणीतरी असणार. अशा माणसांना डिवचू नये. भावोजी वाचले, यातच सगळं आलं.” त्याचा आवाज मऊ होता. ह्याच आवाजात त्याने दवाखान्यात मला धीर दिला होता. पण आता माझ्या अंगावर काटा आला. मला ताई म्हणणारे पुष्कळ, पण ह्यांना ‘भावोजी’ म्हणणारं जगात एकच माणूस होतं. हा ते नातं कुठून शिकला? मनात आलेला विचार मी तिथेच दाबून टाकला.

५

मामा सरळ आमच्या दुकानात आले.

“फाटकात उभ्या माणसाला गाडी आडवी दिसते,” ते म्हणाले. “समोरून आली, नाकासमोर आली, असं तो कसा म्हणेल? स्टिअरिंग कुठल्या बाजूला हे त्याला एवढ्या वेगात कसं दिसेल? तो स्वतः गाडीत होता म्हणावं, तर पंचनाम्यात घसरल्याच्या खुणा एकाच गाडीच्या आहेत. दुसरी गाडी नव्हतीच. पण तो खोटं बोलताना चाचरत नव्हता, हे मला सलतंय. त्याने ती गाडी पाहिली आहे.” त्यांनी कागद काढला. “तुमच्या तक्रारीत लिहिलंय, ‘सामान घेऊन रस्ता ओलांडत असताना’. कसलं सामान?”

“सलूनचा आरसा,” मी म्हटलं.

“आणि हे मला आज सांगताय?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

दुकानात तसाच एक आरसा भिंतीला टेकवलेला होता. मामांनी तो माझ्याकडून उभा धरवला, ह्यांनी धरला होता तसा. स्वतः दहा पावलं मागे गेले, स्टूल घेऊन बसले आणि हवेत स्टिअरिंग धरलं.

“आता तुम्ही मला दिसत नाही. दिसतो तो समोरून येणारा एक म्हातारा. मी त्याच्याकडे जितका सरकतो, तितकाच तो माझ्याकडे सरकतो. म्हणजे अंतर दुप्पट वेगाने तुटतं. अवाच्या सव्वा वेग! तो माझ्याच बाजूने येतो, नाकासमोर. आणि खरी गाडी समोरून आली तर तिचा चालक माझ्या शेजाऱ्याच्या समोर यायला हवा. आरशातला माझ्याच समोर बसलाय. स्टिअरिंग उलट्या बाजूला.” ते उठले. “दुसऱ्या कुणाचं तिकडे लक्ष गेलं नसतं. पण जो जन्मभर चालकाच्या शेजारी बसतो, तो आधी चालक कुठे आहे तेच बघतो. मास्तरने स्वतःचीच गाडी पाहिली, बाई. आणि ती परदेशी आहे असं त्याला आजही वाटतं.”

मामांनी माझ्या हातांतला आरसा काढून भिंतीला लावला.

“समोरून आलेली गाडी फक्त एकाच जागेवरून दिसू शकते. धडक देणाऱ्या गाडीतून. ब्रेक मास्तरने दाबला. गाडी चालवत होतं दुसरंच कुणीतरी, शिकाऊ. मास्तर ‘निघ, निघ’ ओरडला असेल, आणि त्या माणसाने इंडिकेटर देऊन गाडी काढली. मास्तर कबूल होणार नाही. दिवा बदलला, रंग दिला, वही कोरी ठेवली. आता दावा उभा राहील तो त्या शिकाऊ माणसाच्या जबाबावर. त्याच्यावरही गुन्हा लागेल, पळून गेल्याचा. पण त्याच्याशिवाय काही नाही.” ते थांबले. “त्या समोरून आलेल्या गाडीबद्दल आणखी कुणी काही बोललंय का? आठवून सांगा.”

मला आठवायला लागलं नाही. स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करून बसणारी बाई. मास्तरच्या जबाबात बाई नव्हती, वर केलेले हात नव्हते. पोलीस परदेशी गाडीच्या ‘मालकाला’ शोधत होते. आणि धाकटी त्या वेळी चार मैलांवर, पार्सलच्या कचेरीत होती. असं ती म्हणाली होती.

“नाही,” मी म्हटलं. “कुणीच नाही.”

मामांनी तीस वर्षं खोटं बोलणारी माणसं शेजारी बसवून घेतली होती. त्यांनी टोपी घातली. “उद्या अकराला वकीलबाईंकडे कागद द्यायचे आहेत,” एवढंच म्हणाले आणि गेले.

६

घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. धाकटी ह्यांच्या बोटांना तेल लावत होती. मी दारात उभी राहून बघत होते. ती एकेक बोट हलकेच मिटवायची आणि सोडायची. ते परत उघडं व्हायचं. मला तिची भीती वाटली. जिला मी खांद्यावर घेऊन फिरवलं तिचीच भीती वाटली, आणि त्याची लाजही वाटली.

“बाई कशी होती दिसायला?” मी विचारलं.

“कोण बाई?”

“हात वर केलेली.”

धाकटीच्या हातातली तेलाची वाटी कलंडली.

“ती समोरून आली, ताई. खरंच आली. मी बघितली. तिने हात सोडले, म्हणून मी घाबरून हात सोडले.”

“आरसा होता तो,” मी म्हटलं. “तूच होतीस.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. सगळं बाहेर आलं. तीन आठवडे ती चोरून गाडी शिकत होती. ह्यांना टेंपोवाल्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात, आपण शिकलो तर दुकानाचा माल आपणच पोचवू, परवाना हातात आला की एकदम सांगू, असा बेत. त्या दिवशी मास्तर म्हणाला, ‘दुसऱ्या गाडीने कुणाला तरी उडवलं, तू निघ.’ ती निघाली. खाली कोण पडलंय ते तिला दवाखान्यातून फोन आल्यावर कळलं. मग मास्तर रोज फोन करायला लागला. धक्का तुझ्याही गाडीचा लागलाय, तोंड उघडलंस तर जेलमध्ये तू जाशील, मी नाही. चिठ्ठी तिनेच डाव्या हाताने लिहिली होती.

“मला तुला सांगता येत नव्हतं, आणि तू थांबत नव्हतीस,” ती म्हणाली.

मी कुणावर चिडू? आपलेच दात, आपलेच ओठ. पाठ वळवून मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

“दावा राहू दे,” खाटेवरून हे म्हणाले. “हात गेला तर गेला. दुसरं काहीतरी करू. पोरीला कोर्टात उभी करू नकोस.”

खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. तोंडात शब्द आला होता. मामांना तसंही काही सिद्ध करता आलं नसतं. गप्प बसलं की दोघंही घरात राहतील, एक जण मोडक्या हाताने आणि एक जण त्या हाताला रोज तेल लावत. असं किती वर्षं, ते माझ्याने मोजवेना.

धाकटी उठली. तिने तोंड धुतलं आणि वकीलबाईंनी दिलेला अर्ज कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला.

“लिही,” ती म्हणाली. “आत्ताच लिही. उद्यापर्यंत माझा धीर राहायचा नाही.”

ह्यांना पेन धरता येत नव्हतं, म्हणून अर्ज मीच भरत होते. विरुद्ध पक्षाचा रकाना पंधरा दिवस कोरा होता. तिथे आधी मास्तरचं नाव घातलं. त्याखाली तिचं. तिचं नाव घरात मीच सुचवलं होतं, चौदा वर्षांची असताना. त्याखाली आणखी एक ओळ होती. विरुद्ध पक्षाशी अर्जदाराच्या कुटुंबाचं काही नातं असल्यास लिहावं.

“ते नको लिहू,” हे म्हणाले.

“लिही ताई. लपवलं तर सगळंच फेटाळतील,” धाकटी म्हणाली, आणि कागद हलू नये म्हणून तिने त्याची कड दाबून धरली.

माझी पाचावर धारण बसली होती. उद्या हिला कुठे नेतील, किती दिवस ठेवतील, घरी कोण परत येईल, काहीच माहीत नव्हतं. तिच्या बोटांचा आधार घेऊन मी लिहिलं. अर्जदाराच्या पत्नीची सख्खी बहीण.